यलोनाईफला जावं का? कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

आम्ही दोघं आणि पोरगं २०१८ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या यलोनाईफला गेलो आणि २०२४ च्या जूनमध्ये परत कोल्हापूरला आलो. तेव्हापासून राजारामपुरीत भाजी घेताना, लग्नात पंगतीत, रात्री साडेअकराला व्हॉट्सअपवर, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतायत. प्रत्येकाला व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत.

१. हे यलोनाईफ नेमकं कुठं आलं? अलास्कात का?

नाही, अलास्का अमेरिकेत. यलोनाईफ कॅनडात, नॉर्थवेस्ट टेरिटरीज नावाचा जो अवाढव्य भाग आहे त्याची राजधानी. ६२ अंश उत्तर अक्षांश, आर्क्टिक सर्कल तिथून अजून साधारण ४०० किलोमीटर वर. २०२१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या २०,३४०, म्हणजे आपलं जयसिंगपूर त्याच्या दुपटीहून मोठं. आख्ख्या टेरिटरीत ४१,०७०. क्षेत्रफळ म्हणाल तर चार महाराष्ट्र बसून वर जागा उरेल आणि माणसं मात्र खासबागच्या एका मोठ्या कुस्ती मैदानाला मावतील की काय असं वाटतं. गाव ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठावर आहे. हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खोल तलाव, ६१४ मीटर. रंकाळ्यावर वाढलेल्या माणसानं त्याला तलाव म्हणायचं म्हणजे जिवावर येतं, आपल्या जिल्ह्याच्या तिपटीहून मोठा आहे तो.

२. थंडी खरंच उणे ४० असते का हो वहिनी? माणूस जगतो कसा?

असते, पण रोज नाही. जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे ३० च्या आसपास धरा, आणि हिवाळ्यात काही दिवस उणे ४० ला जातं. रेकॉर्ड उणे ५१.२ चं आहे, १९४७ सालचं. वारा धरून उणे ४० वाटत असेल तर उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठायला लागते, त्यामुळं नाक, कान, बोटं झाकायची हा तिथं आगाऊ सल्ला नसून साधी शिस्त आहे, गाडीवर हेल्मेट घालतात तशी (बरं, कोल्हापुरात हे उदाहरण चुकलंच).

कळतं कसं सांगू? घराबाहेर पाय टाकल्यावर पहिल्याच श्वासाला नाकातले केस चिकटतात. पापण्यांवर दव गोठतं. गाडी रात्रभर उभी राहिली की टायर खालून चपटे होतात आणि सकाळी पहिले पाचशे मीटर बैलगाडीत बसल्यासारखं धाड धाड होतं. गाडीच्या पुढून एक वायर लोंबत असते, ती प्लगात लावून इंजिन गरम ठेवायचं, नाहीतर सकाळी सुरूच होत नाही. आणि बर्फाचा आवाज! उणे ३० च्या खाली बर्फ पायाखाली करकरतो, अगदी नव्या करकरी चपलेसारखा. पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं, कोण येतंय चपला घालून.

पण एक सांगते, थंडीवर पैसे टाकून मात करता येते. घरं आतून उबदार असतात, आम्ही जानेवारीत घरात टी शर्टवर असायचो. ज्या गोष्टीवर पैसे टाकून काही होत नाही ती प्रश्न ८ मध्ये आहे.

३. सहा महिने रात्र असते म्हणे?

नाही. ते थेट उत्तर ध्रुवावर. यलोनाईफला २१ डिसेंबरला सूर्य साधारण दहाला उगवतो आणि तीनला मावळतो, म्हणजे पाच तास मिळतात, तेही सूर्य डोक्यावर येतच नाही, झाडांच्या शेंड्यांवरनं तिरका सरकत जातो. नवरा अंधारात कामाला जायचा आणि अंधारात यायचा. मला थंडीपेक्षा हे जड गेलं. चार वाजता वाटायचं आता झोपावं, आणि खरंच झोपायचे, मग रात्री दोनला डोळे टक्क उघडे. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी दिलं आणि सकाळी समोर ठेवायचा एक पांढरा झगझगीत दिवा येतो तो घ्यायला सांगितला, त्यानं फरक पडला.

जूनमध्ये उलटं. रात्री साडेअकरानंतर सूर्य मावळणार आणि काळोख असा होतच नाही. पोरगं म्हणायचं अजून दिवस आहे, मी का झोपू? लोक खिडक्यांना चक्क ॲल्युमिनियम फॉइल चिकटवतात, आम्हीही चिकटवली.

४. जॅकेट, बूट इथूनच घेऊन जाऊ का? लक्ष्मीपुरीत स्वस्त मिळतात.

नका. इथलं जॅकेट तिथं ऑक्टोबरलाच हात टेकतं. तिथं जाऊन पार्का (टोपीवाला जाड कोट) घ्या, जुना चांगला मिळाला तर उत्तमच. बॅगेतली ती जागा मसाल्याला ठेवा, प्रश्न ९ बघा.

५. तिथं कामं कुठली मिळतात? माझा भाऊ उद्यमनगरात टर्नर आहे, पुतणी नर्स आहे, मी आयटीत आहे.

उलट्या क्रमानं सांगते. आयटीत फार थोडं आहे, सरकारी खात्यांत थोड्याफार जागा, बाकी घरून दुसरीकडचं काम करत असाल तर गोष्ट वेगळी. नर्सला मागणी कायम असते पण आपली डिग्री तिथं थेट चालत नाही, कागद तपासणी, परीक्षा, तिथली नोंदणी हे सगळं आधी, आणि त्याला महिने नव्हे तर कधी वर्षंही जातात. कारागिरांना मान आहे. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, हेवी मशीनचा मेकॅनिक, हे लोक तिथं साहेबापेक्षा जास्त कमवतात. त्यांच्याकडं रेड सील नावाचं सर्टिफिकेट चालतं, ते काढलं की कॅनडाभर किंमत येते. माझा नवरा याच लाईनीतला, डंपर-लोडर दुरुस्तीचा.

सगळ्यात मोठा मालक म्हणजे सरकार. त्याखालोखाल शाळा, हॉस्पिटल, विमान कंपन्या, आणि हिऱ्याच्या खाणी. खाणींचं मात्र डोळे उघडे ठेवून बघा. एकाटी १९९८ ला सुरू झाली, डायविक २००३ ला, आणि डायविकचं उत्पादन २०२६ मध्ये थांबणार हे कंपनीनं बरंच आधी जाहीर केलं होतं. गावात त्याची चर्चा आम्ही असतानाच चालायची, आपल्याकडं शाहू मिल बंद पडल्यावर काय झालं हे ऐकून असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. "खाणीत लागलो की आयुष्याचं भागलं" असं कोण सांगत असेल तर त्याला विचारा, कुठल्या खाणीत आणि किती वर्षं.

हातात ऑफर लेटर नसताना जाऊ नका.

६. पगार लाखांत असतो म्हणजे उरतही लाखांत असेल ना?

आधी साठनं गुणायची खोड मोडा. डॉलरमध्ये कमावता तसं डॉलरमध्येच खर्चता. आम्ही दोन बेडरूमच्या फ्लॅटला महिना २,००० डॉलरच्या आसपास भाडं द्यायचो, आणि ते स्वस्त समजलं जायचं. स्वतंत्र घर घेतलंत तर हीटिंगचं तेल वेगळं, हिवाळ्यातलं पहिलं बिल बघून नवरा दहा मिनिटं गप्प बसला होता.

जमेच्या बाजूला काय? तिथं स्थानिक सेल्स टॅक्स नाही, फक्त ५ टक्के जीएसटी. (पगारातून २ टक्के पेरोल टॅक्स कापतात, तो कोणी सांगत नाही.) शिवाय उत्तरेत सलग सहा महिने तरी राहिलं तर इन्कम टॅक्समध्ये वेगळी वजावट मिळते, दिवसाला ११ डॉलर, आणि घरातला एकटाच माणूस घेत असेल तर २२ पर्यंत. लक्षात घ्या, हे उत्पन्नातनं वजा होतं, टॅक्समधनं नाही. आमच्या ओळखीचे एकजण वर्षाला आठ हजार डॉलर हातात येणार म्हणून खूश झाले होते, त्यांना मीच खाली आणलं.

दोघं कमावत असाल तर चांगलं उरतं. एकट्यावर असेल तर राहतं, उरत नाही.

७. एक एजंट वीस लाखांत जॉबसकट व्हिसा देतो म्हणतोय. देऊ का?

नाही. नोकरी विकणं कॅनडाच्या कायद्यात गुन्हा आहे. कामाला घेणारा मालक कामगाराकडनं नोकरी लावल्याचे पैसे घेऊ शकत नाही. आणि पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणारा एकतर वकील असावा लागतो किंवा त्यांच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडं नोंदलेला, ते नाव इंटरनेटवर दोन मिनिटांत तपासता येतं. आमच्याच गल्लीतल्या एका पोरानं शेत गहाण टाकून पैसे दिले, आलेलं ऑफर लेटर मला दाखवलं, त्यात यलोनाईफचं स्पेलिंगच चुकलेलं. पैसे गेले ते गेले.

सरळ वाट म्हणजे तिथला मालक तुम्हाला घ्यायला तयार असणं आणि मग टेरिटरीचा नॉमिनी प्रोग्रॅम, म्हणजे तुम्हाला कायम राहू द्यावं अशी टेरिटरीनं केलेली शिफारस. जागा वर्षाला मोजक्या असतात आणि नियम दरवर्षी हलतात, त्यामुळं माझ्या २०१८ च्या अनुभवावर जाऊ नका, सरकारी वेबसाइटच वाचा.

८. ह्यांना ऑफर आलीय. मी पण जाऊ का, की ते आधी जाऊन बघतील?

हा प्रश्न मला फक्त तीन जणींनी विचारला, आणि खरं तर सगळ्यांनी पहिला हाच विचारायला पाहिजे.

नोकरीवाल्याचं बरं असतं हो. त्याला सकाळी उठून जायला जागा असते, चार माणसं भेटतात, शिव्या द्यायला साहेब असतो. मी एमएस्सी केमिस्ट्री, इथं कॉलेजवर शिकवत होते. तिथं पहिला हिवाळा मी सोफ्यावर काढला. पोरगं शाळेत, नवरा तेव्हा दोन आठवडे साइटवर आणि दोन आठवडे घरी. समोरच्या खिडकीतनं एक पार्किंग दिसायचं. कुठल्या गाडीची वायर कुठल्या प्लगात आहे हे मला पाठ झालं होतं. एकदा एकाची वायर निसटलेली दिसली तर मी पार्का चढवून खाली गेले आणि लावून आले. तेवढंच त्या दिवशीचं काम. संध्याकाळी तो माणूस वर आला, थँक्यू म्हणाला, मी दार लावून रडले, कारण सहा दिवसांत घराबाहेरचं कोणी माझ्याशी पहिल्यांदा बोललं होतं.

कोल्हापुरात आपण एकटं राहायचं शिकतच नाही. दारात उभं राहिलं तरी तीन बायका विचारतात, काय केलंस आज. तिथली माणसं चांगली आहेत, मदतीला धावतात, पण उगाच येऊन बसत नाहीत, आपण जावं लागतं. मला हे कळायला पाच महिने लागले. मग लायब्ररीत जायला लागले, तिथनं एका डे केअरमध्ये काम मिळालं, आणि गाडी शिकले. उणे ३० मध्ये बस स्टॉपवर उभं राहायचं का स्वतः गाडी चालवायची, यात दुसऱ्या माणसाचं अख्खं आयुष्य बदलतं.

म्हणून माझं उत्तर असं: दोघांनाही वर्क परमिट मिळतंय का हे आधी बघा, मिळत असेल तर सोबत जा, पण जायच्या आधी दुसऱ्यानं तिथं काय करायचं हे कागदावर लिहा. "बघू तिथं गेल्यावर" हे उत्तर असेल तर आधी एकट्यालाच पाठवा. आणि इथून निघतानाच गाडी नीट शिकून जा.

९. जेवणाचं काय? तांबडा-पांढरा मिळतो का?

हॉटेलात कुठला मिळतोय. घरी होतो. तांदूळ, डाळी, कांदे, बटाटे सगळं दुकानात मिळतं, किंमत दक्षिण कॅनडापेक्षा चढी. ताजी कोथिंबीर कधी मिळते कधी नाही, कढीपत्ता विसरा. बोकडाचं मटण मिळालं तर फ्रोजन, आम्ही दक्षिणेकडच्या एडमंटन शहरातून कोणी येत असेल तर आणायला सांगायचो. पण तलावातला व्हाईटफिश ताजा मिळतो, त्याला कांदा-लसूण चटणी आणि रवा लावून तव्यावर टाकला की विचारू नका. माझी डेने (तिथल्या मूळ लोकांतली) मैत्रीण चटणीची बाटलीच घेऊन गेली आणि कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या हरणाच्या, रश्शात घातली, तो रस्सा मी आजपर्यंत विसरले नाही.

चटणी वर्षाची न्या. कस्टममध्ये खाण्याचं सामान आहे हे फॉर्मवर सांगा, लपवू नका, दंड होतो. मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका.

१०. मुलांची शाळा कशी?

चांगली. सरकारी, कॅथलिक आणि फ्रेंच असे तीन प्रकार आहेत, फी नाही. मुलांना थंडीत बाहेर खेळायला काढतात, फारच कडक असेल तर आत ठेवतात. आमच्या पोराला पहिल्या दिवशी स्नोपँट चढवायला वीस मिनिटं लागली, महिन्याभरात दोन. मराठी बोलणं मात्र घरातच सांभाळावं लागतं. कोल्हापूरची असल्यानं मी घरात "येतो, जातो"च बोलते, तर पोरगं बायकांबद्दलही तसंच बोलायला शिकलं आणि सांगलीच्या आत्यानं फोनवर "हे काय शिकवलंयस" म्हणून मला झापलं.

११. आजारी पडलं तर?

गावात स्टँटन हॉस्पिटल आहे, नवी इमारत २०१९ ला सुरू झाली. बाळंतपण, अपघात, साधी ऑपरेशन्स तिथं होतात. मोठ्या स्पेशालिस्टसाठी एडमंटनला विमानानं पाठवतात. इथं कसं, पोट दुखलं तर संध्याकाळी एमडीकडं नंबर लावतो, ती सवय तिथं चालत नाही. जुनं दुखणं असेल, नियमित तपासणी लागत असेल तर जाण्याआधी शांतपणे विचार करा.

१२. गावाला रस्ता एकच आहे म्हणे. बंद झाला तर?

एकच आहे, हायवे ३. २०१२ च्या नोव्हेंबरात मॅकेन्झी नदीवर डेह चो पूल झाला, त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरनं रस्ता, आणि मधे बर्फ धड धरत नाही धड सुटत नाही तेव्हा काही आठवडे दोन्ही बंद. तेव्हा भाजी-दूध विमानानं यायचं आणि भाव आभाळाला. जुनी माणसं त्या दिवसांच्या अंड्यांच्या किमती अजून सांगतात. आता पुलामुळं तो त्रास गेला.

पण जंगलाची आग आली. १६ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी आख्खं गाव रिकामं करायचा आदेश निघाला, १८ च्या दुपारपर्यंत बाहेर. वीस हजार माणसं, एक रस्ता. आम्ही रात्रीच निघालो. पासपोर्ट, पोराची दोन दप्तरं, देवघरातली अंबाबाई आणि कुकर. कुकर का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. धुरात पुढच्या गाडीचे लाल दिवे फक्त दिसत होते. एंटरप्राईज नावाचं गाव तीन दिवस आधीच जळालं होतं, त्याच्या बाजूनं गेलो तेव्हा गाडीत कोणी बोलत नव्हतं. एडमंटन जवळपास दीड हजार किलोमीटर. ६ सप्टेंबरपासून परत सोडलं.

याची गंमत अशी की २०१९ च्या ऑगस्टात मी तिथनं इथल्या पुराचे व्हिडिओ बघत होते, पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ च्या वर, शिरोलीला हायवे बंद, आई-बाबा दूध नाही म्हणून सांगतायत, आणि मी रडत होते. चार वर्षांनी आई इथनं माझ्यासाठी रडली. म्हणजे अडकून पडायची भीती हे न जाण्याचं कारण असेल, तर कोल्हापूरकरानं तरी ते सांगू नये. फक्त उन्हाळ्यात गाडीत अर्ध्यापेक्षा कमी पेट्रोल ठेवायचं नाही, एवढं शिका.

१३. तिथल्या पाण्यात आर्सेनिक आहे असं यूट्यूबवर बघितलं. खरं का?

अर्धं खरं. गावाला लागून जायंट माइन ही सोन्याची खाण होती, १९४८ ते २००४. सोनं काढताना तयार झालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पावडर, २ लाख ३७ हजार टन, तिथंच जमिनीखाली साठवलीय. ती गोठवून ठेवायचं काम सरकार करतंय. नळाचं पाणी यलोनाईफ नदीतून येतं आणि तपासलेलं असतं, आम्ही सहा वर्षं तेच प्यालो. पण गावाजवळच्या छोट्या तळ्यांतलं पाणी पिऊ नका, मासे खाण्याआधी आरोग्य खात्याची सूचना वाचा.

१४. तिथले मूळ लोक कसे आहेत? डाउनटाउनमध्ये भीती वाटते का?

ती जमीन त्यांची आहे, यलोनाईव्हज डेने लोकांची. आपण पाहुणे. टेरिटरीत ११ अधिकृत भाषा आहेत, त्यात त्यांच्याच जास्त. डाउनटाउनमध्ये दारूच्या आहारी गेलेली, बेघर माणसं दिसतात आणि नवी आलेली आपलीच मंडळी "ही लोकं अशीच" म्हणून मोकळी होतात. कॅनडानं कित्येक पिढ्या त्यांची मुलं घरातनं उचलून निवासी शाळांत कोंडली, भाषा बोलली म्हणून मारलं, हे माहीत करून घ्या आणि मग तोंड उघडा. मला सहा वर्षांत कोणी त्रास दिला नाही.

१५. सणवार होतात का?

होतात. २०२३ चा गणपती १९ सप्टेंबरला होता, आगीतनं परत येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. घरात धुराचा वास, तरी शाडूचा गणपती केला, बादलीत विसर्जन. आणि पितृपक्षात माझ्या सासूबाईंचं पान बाल्कनीत ठेवलं तर काय सांगू, तिथले कावळे म्हणजे रेव्हन, आपल्या डोमकावळ्याच्या दीडपट, एक आला आणि वड्यासकट पानच घेऊन गेला. नवरा म्हणाला आई घाईतच असायची.

१६. आधी एकदा फिरून बघून यावं का?

परवडत असेल तर जरूर, पण मार्चमध्ये नको. मार्चमध्ये ऊन असतं, तलावावर बर्फाचा किल्ला बांधून महोत्सव असतो, रात्री आकाशात नॉर्दर्न लाइट्सचे हिरवे पडदे हलत असतात, कोणीही प्रेमात पडेल. नोव्हेंबरात जा. तेव्हा सगळं करडं असतं. तेव्हाही बरं वाटलं तर तुमचं जमेल.

१७. पीआर मिळाली की टोरांटोला निघायचं, असं केलं तर?

पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, झाल्यावर कॅनडात कुठंही राहायचा हक्क आहे. पण नॉमिनीचा अर्ज करताना तिथंच राहायचा इरादा आहे असं तुम्ही सही करून देता, आणि इरादा पहिल्यापासून नव्हताच हे दिसलं तर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण होऊ शकतं. शिवाय छोट्या गावात मालकानं तुमच्यासाठी कागद केलेले असतात, तुम्ही पळालात की पुढच्या मराठी पोराला तो दारात उभा करत नाही. पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात लागतात, ते कुठल्याही गावात चालतात.

१८. आई-वडिलांना घेऊन जाता येतं का?

सुपर व्हिसावर येतात, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल विमा लागतो. कागदावर सोपं आहे. माझी आई उन्हाळ्यात तीन महिने राहिली आणि मजेत राहिली. बाबा म्हणाले, गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाता येत नसेल तर मी तिथं करू काय? तुमच्या बाबांना एकदा विचारून बघा, उत्तर साधारण हेच येईल.

१९. एवढं चांगलं होतं तर परत का आलात?

२०२४ च्या जानेवारीत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. फोन आला तेव्हा तिथं दुपारचे तीन, इथं पहाटेचे साडेतीन. त्या संध्याकाळचं विमान मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी एडमंटन, तिथनं पुढं, मुंबई, मग रात्रभर गाडी. फोन आल्यापासून दवाखान्याच्या दारात पोचायला मला ५८ तास लागले. बाबा वाचले, आता काठी घेऊन चालतात. पण ते ५८ तास मी कोणाशी नीट बोललेले नाही, नवऱ्याशीही नाही. जूनमध्ये आलो.

पोरगं अजून विचारतं आपण घरी कधी जायचं, आणि घर म्हणजे त्याला यलोनाईफ म्हणायचं असतं.

२०. ताई, तुमचे पार्का आता पडूनच असतील ना? विकणार का?

नवऱ्याचा प्रश्न ५ मधल्या टर्नर भावाला दिलाय, पोराचा त्याला आता होतच नाही. माझा डांबराच्या गोळ्या घालून कपाटात आहे. तो नाही विकायचा.